शेवटच्यानं फाटक लावायचं

“या वर्षी कासव आणलंस तर त्याला घेऊन गाडीतच झोप,” नवऱ्याच्या छातीवर शर्यतीचा नंबर टाचता टाचता ब्रेंडानं बजावलं. शेवटची पिन तिनं जरा आतपर्यंत घातली असावी, कारण रेमंड टॉर्डॉफ दचकला.

“नाही आणत.”

“गेल्या वर्षीही नाहीच आणणार होतास.”

कासव म्हणजे आमच्या स्कॅलबेक धावक क्लबाचं बक्षीस. जूनमधल्या सगळ्यात लांब दिवसाच्या संध्याकाळी आम्ही डोंगरावर धावतो आणि सर्वांत शेवटी येणाऱ्याला चिनी मातीचं हिरवं कासव देतो. कल्पना आमच्या उपाध्यक्षाची, ग्रेगरी पिमची. लोक किती धोक्यात आहेत हे लोकांनाच सांगून पिम पैसे मिळवतो आणि उरलेला वेळ मनगटाकडे बघतो. मनगटावरचं घड्याळ त्याला नाडी, उंची, झोप आणि बहुधा आत्मसन्मानही मोजून देतं. कासव म्हणे निव्वळ गंमत. ही गंमत आजवर रेमंडखेरीज कुणाच्याही वाट्याला आलेली नाही. टॉर्डॉफांच्या खिडकीत आता कासवांची रांग आहे. शेजाऱ्यांना वाटतं, यांना कासवं आवडतात; म्हणून नाताळला ते आणखी आणून देतात.

रेमंड म्हाताऱ्यांच्या घरी जिन्याला सरकत्या खुर्च्या बसवतो. दिवसभर लोकांना न चढता वर पोचवायचं आणि संध्याकाळी स्वतः डोंगर चढायचा, अशी ही अक्कल. जिन्यावरून कपाट उतरवताना दोन हमाल भांडावेत तसे त्याचे दोन पाय धावतात. पुढच्या महिन्यात त्याचा गुडघा बदलणार होते. त्यानंतर धावणं बंद, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे ही शेवटची संधी. एकदा, फक्त एकदा, त्याला कुणाच्या तरी पुढे यायचं होतं. कुणाच्याही.

आमची कप्तान हिल्डा बिअरच्या खोक्यावर चढली. “मंडळी, वरच्या कुरणात सग्डनच्या मेंढ्या आहेत. एक जरी रस्त्यावर आली तर पुढच्या वर्षीची शर्यत विसरा, तो आपल्याला रानात पाऊल टाकू देणार नाही. धावताना फाटकाशी थांबू नका. शेवटच्यानं फाटक लावायचं.”

सगळ्यांनी रेमंडकडे पाहिलं. त्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला. “हो. मी आहे.”

“पाठच आहे त्याला!” पिम म्हणाला. आम्ही हसलो. आमचा क्लब एकत्र हसतो. वर्गणी त्यासाठीच असते.

माझी नडगी दुखत होती, निदान मी तसं कळवलं होतं. म्हणून स्वयंसेवकाचं पिवळं जाकीट घालून मी शेवटच्या रेषेवर ब्रेंडाशेजारी उभा होतो. तिथून अख्खा उतार दिसतो, शेवटच्या फाटकासकट.

एकेक जण येऊ लागला. आमच्यात आधी घड्याळ थांबतं, मग माणूस. रेषा ओलांडली की युद्धातून परतल्यासारखं गवतावर कोसळायचं, आणि चिप्स-मटार आले म्हटलं की उठून रांगेत घुसायचं. हिल्डा डोकी मोजत होती.

“दोघं राहिले. रेमंड आणि… पिम?”

“पिमचा बूट दलदलीत गेला,” कुणीतरी तोंडातल्या चिप्स गिळत म्हणालं. “शोधतोय. महागाचा आहे म्हणे.”

“आणि तू थांबला नाहीस?”

“माझी वेळ चांगली चालली होती गं.”

ब्रेंडा घडीच्या खुर्चीतून उठून उभी राहिली.

उताराच्या माथ्यावर रेमंड दिसला. एकटा. बऱ्याच वेळानं त्याच्या मागे पिम उगवला, एका पायात बूट, दुसऱ्यात चिखल, लंगडी घालत. आम्ही चिप्स खाली ठेवल्या. रेमंडला धावताना कुणी बघत असल्याची क्लबाच्या इतिहासातली ही पहिलीच वेळ.

“पळ रे म्हाताऱ्या!”

“आज सोडू नकोस, टॉर्डॉफ!”

“रेमंड!” ब्रेंडा किंचाळली. “मागे बघू नकोस! खबरदार मागे बघशील तर!”

तो फाटकातून बाहेर पडला. आता नुसता उतार होता. ठेच लागून गडगडला असता तरी जिंकला असता. चार-सहा पावलं आला आणि थांबला. मग त्यानं मागे पाहिलं. उघड्या फाटकाशी मेंढ्या गोळा होऊ लागल्या होत्या.

तो परत वर गेला.

“काय करतोय हा? अरे ए गाढवा!”

एका हातानं मेंढ्या हुसकत, दुसऱ्या हातानं फाटक धरून रेमंड उभा राहिला. पिम लंगडत आला. रेमंडनं त्याच्यासाठी फाटक आणखी उघडलं. पिम आभार न मानता बाहेर पडला, पुढे कुणीच नाही हे त्याच्या लक्षात आलं, आणि एका बुटावर छाती काढून तो असा सुटला की जणू राणीच बघायला बसली होती. रेषा ओलांडून त्यानं घड्याळ थांबवलं.

“परिस्थिती पाहता वाईट नाही,” तो घड्याळाला म्हणाला.

वर रेमंडनं फाटक ओढलं, कडी घातली, एकदा हलवून पाहिली आणि मग तो धावत आला. धावत म्हणजे त्याच्या परीनं.

पबमध्ये पिमनंच कासव दिलं. “सातत्याबद्दल!” टाळ्या पडल्या. मी रेमंडशेजारी बसलो.

“पिमनं लावलं असतं ना फाटक. शेवटचा तो होता.”

“आलं होतं रे लक्षात.” त्यानं कासव उलटं करून पाहिलं. “पण फाटक उघडं टाकून पुढे जायचं कसं, ते मला कधी शिकावंच लागलं नाही.”

“मूर्ख माणूस,” पलीकडच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, आणि आम्हा सर्वांना ते पटलं. मग हिल्डानं विचारलं, “पुढच्या वर्षी फाटकं कोण लावणार?” त्यावर विषय पिमच्या बुटाकडे वळला.

बाहेर अजून उजेड होता. मी खिडकीतून बघत होतो. गाड्या लावलेल्या कुरणातून एकेक गाडी निघून गेली. मागचा लावेल म्हणून प्रत्येकानं त्या कुरणाचं फाटक उघडंच ठेवलं. शेवटची गाडी टॉर्डॉफांची. ती बाहेर येऊन थांबली. रेमंडनं दार उघडलं, पाय बाहेर काढायचा प्रयत्न केला. गुडघा ऐकेना.

“बस तू,” ब्रेंडा म्हणाली असावी. ती उतरली. कासव काखेत धरून तिनं फाटक लोटलं, कडी घातली आणि एकदा हलवून पाहिली.