घरी भाजलेला हात

"मान हलवू नकोस गं," म्हणत सासूबाई सुनेची वेणी घालत होत्या. सुनेचा उजवा हात मांडीवर पडून होता. चार महिन्यांपूर्वी तो चादरींना इस्त्री करणाऱ्या तापल्या रोलरमध्ये सापडून चेपला आणि भाजला होता. आता बोटं आक्रसून एकमेकांना चिकटली होती. शस्त्रक्रियेने ती मोकळी होतील असं डॉक्टर म्हणत, आणि तो खर्च भरपाईतूनच निघणार होता. पण भरपाई मिळणार कशी? हात घरी शेगडीवर भाजला, असं तिनेच इस्पितळात सांगितलं होतं.

सांगितलं कसलं, नणंदेने वदवून घेतलं होतं. नणंद त्याच धुलाई कारखान्यात मुकादम. वर्षभरात एकही अपघात झाला नाही, तर तिथल्या सगळ्या बायकांना बक्षीस मिळे. ऐकायला काय गोड! त्या बक्षिसाने अपघात थांबले नव्हते, तोंडं तेवढी बंद झाली होती. तिथे चेपलेलं प्रत्येक बोट घरीच चेपलेलं असे. शेवटी सुनेने धीर करून भरपाई कचेरीत तक्रार केली, तेव्हा मालकाने लगोलग तिला 'हलकं काम' देऊन परत बोलावलं. केवढं हे औदार्य!

"आज कचेरीतला तपासनीस येणार," तिला न्यायला आलेली नणंद दारातूनच म्हणाली. "तोंड सांभाळ. तुझ्या एकटीपायी सगळ्यांचं बक्षीस बुडेल."

"आणि माझा हात, वन्सं?"

"डावा आहे की चांगला!"

सासूबाईंनी वेणीचं टोक बांधून टाकलं.

हलकं काम म्हणजे भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचं आणि एका हाताने उशांच्या अभ्र्यांचे धागे तोडायचे. दिवसभर कुणी तिच्याशी बोललं नाही. दुपारी डबे उघडले, तेव्हा ती जवळ येताच बायका पसरून बसल्या.

"आमच्या पोटावर पाय द्यायला आलीस होय?" एक म्हणाली. अपघातापर्यंत सुनेच्याच डब्यातलं हक्काने खाणारी ती बाई!

जेवणानंतर तपासनीस आला. मालक हसतमुखाने त्याच्या मागेपुढे करत होता.

"हात कुठे भाजला?" तपासनीसाने सुनेला विचारलं.

सगळ्या जणी टक लावून बघत होत्या.

"इथेच. या रोलरमध्ये. तो बंद करायची दांडी सुतळीने बांधून ठेवली होती, रोलर सारखा बंद पडून काम अडतं म्हणून. मी ओढली, पण ती हललीच नाही."

"कुणी पाहिलं?"

सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मालकाने नणंदेला पुढे केलं. "ही तिची सख्खी नणंद. हिलाच विचारा."

"घरीच भाजला," नणंद म्हणाली.

"घरी कोण कोण होतं?"

"ती... आणि तिचा नवरा."

तपासनीसाने तो हात उलटसुलट करून पाहिला. "शेगडीवर हात दोन्ही बाजूंनी असा दाबून भाजत नाही. घरीच झालं असेल, तर कुणीतरी हात धरून तापल्या लोखंडात दाबलाय. मग हे काम पोलिसांचं. नवऱ्याचं नाव सांगा."

नणंदेच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझा भाऊ? अहो, तो मुंगीसुद्धा मारायचा नाही!" तिचा आवाज फाटला. "इथेच भाजला तिचा हात! सुतळी मी बांधली होती, या मालकांच्या सांगण्यावरून. सगळ्यांनी बघितलंय. विचारा की यांना!"

मालक तिच्यावर ओरडत सुटला. बायकांनी दोघींनाही शिव्या घातल्या. पण तपासनीसाने सगळं लिहून घेतलं होतं.

फाटकाबाहेर पडल्यावर नणंद रडू लागली. "माझ्या भावाला बेड्या पडल्या असत्या गं!"

भरपाई मिळणार होती, बोटं मोकळी होणार होती. सुनेला आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र राग आवरत नव्हता.

"चार महिने हा हात घेऊन मी तुमच्यासमोर वावरतेय, वन्सं. तेव्हा तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही. भावाचं नाव निघालं, आणि एका क्षणात सगळं आठवलं."

नणंदेने पदराने डोळे पुसले. "तो माझ्या रक्ताचा आहे गं."

"आणि रोलरवर सांडलं ते कुणाचं होतं?"