अर्ध्या मैदानाची रिंग

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बोटातली नव्हे आणि कानातलीही नव्हे. बास्केटबॉलच्या खांबावर, फळीला बोल्ट मारून बसवलेली लोखंडी रिंग. माझा मुक्काम चामोर्शीत, आठवडी बाजाराच्या मागच्या मैदानावर. माझा स्वभाव पूर्वी असा चिडका नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. ऐकताना माझा आवाज कुठे करकरला तर मनावर घेऊ नका. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माझा जन्म चंद्रपूरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. इसरू नावाच्या कारागिराने एकाच लांब सळईचे दोन तुकडे केले आणि दोन रिंगा वाकवल्या. आधी माझी बहीण झाली, मग मी. त्याने आम्हाला एकमेकींवर ठेवून पाहिलं, तर कुठे फरक म्हणून सापडेना. त्याच संध्याकाळी टेम्पोत बसून आम्ही वैनगंगा ओलांडली आणि चामोर्शीच्या मैदानावर समोरासमोर उभ्या राहिलो. ती मावळतीला, मी उगवतीला.

आमच्या जाळ्या विकत आणलेल्या नव्हत्या. नदीकाठी मासे धरणाऱ्या घरातली शकुबाई, तिने त्या मासोळीच्या जाळ्याच्या दोऱ्याने विणून दिल्या. विणल्या अशा सुंदर की बघत राहावं, पण सवयीप्रमाणे तिने जाळ्याचं तोंड खालून बंद करून टाकलं. पहिल्याच दिवशी पहिला चेंडू माझ्यात पडला तो आतच अडकून बसला. सगळं मैदान हसलं. शकुबाई म्हणाली, "आमच्या जाळ्यात गेलेलं बाहेर येत नाई." मग तिनेच विळ्याने खालचं तोंड कापून दिलं. तेव्हा लोकांना असं हसता येत होतं.

माझे चांगले दिवस आणले ते दोन पोरींनी. एक स्वाती. धानोऱ्याच्याही पलीकडे, जंगलातल्या एका गावच्या सुकलूची ही मुलगी. मोहफुलं वेचून आणि थोडंफार धान पिकवून जगणारं घर. शिकायला म्हणून ती चामोर्शीच्या वसतिगृहात आली आणि रोज संध्याकाळी मैदानावर दिसू लागली. दुसरी पुनम, इथल्याच एका शेतकऱ्याची. स्वाती माझ्या बहिणीच्या फळीवरून परतलेला चेंडू झेलायची आणि पळत सुटायची ती थेट माझ्यापर्यंत. पुनम कडेने तिच्याबरोबर धावायची. शेवटच्या क्षणी चेंडू हिच्या हातून तिच्या हातात जायचा आणि तिच्या हातून माझ्यात. कोणी कोणाकडे बघायचंसुद्धा नाही. आम्ही दोघी बहिणी एकाच खेळाची दोन टोकं होतो. मैदान लांबलचक होतं आणि ते सगळं वापरलं जात होतं.

मग आले ते पगारी संघ.

नागपूरकडच्या काही लोकांनी मोठी स्पर्धा सुरू केली. जिल्ह्याजिल्ह्यांचे संघ, पगारावर ठेवलेले खेळाडू, बायांचे वेगळे चमू आणि सगळे सामने मोबाईलवर. चंद्रपूरच्या संघाचं नाव ठेवलं चांदा वाघ आणि गडचिरोलीच्या संघाचं रानगवे. झालं! चामोर्शी आहे गडचिरोली जिल्ह्यात, पण नदी ओलांडली की चंद्रपूर. एकेकाळी तर सगळा जिल्हा एकच होता. अर्ध्या घरांचं माहेर अलीकडे आणि सासर पलीकडे. त्यामुळे गावात वाघवालेही निघाले आणि गवेवालेही. आदेश नावाचा मोबाईल दुरुस्तीवाला वाघवाल्यांचा पुढारी झाला, तर ट्रॅक्टर चालवणारा अजय गवेवाल्यांचा. दोघे एकाच वर्गात, एकाच बाकावर शिकलेले.

पहिल्या वर्षी चेष्टामस्करी होती. दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात शेवटचा चेंडू गव्यांच्या पोराच्या हातून शिट्टीआधी सुटला की शिट्टीनंतर, यावरून पानठेल्यावर हातघाई झाली. आदेशच्या गाडीची सीट कोणीतरी फाडली. दुसऱ्या दिवशी अजयच्या ट्रॅक्टरची हवा गेली. त्या सामन्यातले खेळाडू तर सामना संपल्यावर एका टेबलावर बसून जेवले, हे साऱ्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. पण समजून घ्यायचं नसलं की डोळे असून काय उपयोग?

त्या आठवड्यात आमच्यावर रंग चढला. माझी बहीण पिवळी झाली आणि तिच्या खांबावर काळे पट्टे आले. मला गर्द तपकिरी फासलं आणि खांबाचा खालचा भाग पांढरा केला, कारण रानगव्याचे पाय पांढरे असतात म्हणे. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की बाबांनो, रंगाने काही होत नाही, जरा माझे बोल्ट आवळा.

इथे दादाजींची ओळख करून द्यायला हवी. मैदानाची देखभाल त्यांच्याकडे होती. तरुणपणी ते शंकरपटात बैलजोडी हाकायचे आणि पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान होता. पटाचा कायदा तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. दोन जोड्या शेजारशेजारच्या दोन वाटांनी धावतात. आपली जोडी आपल्या वाटेत. दुसऱ्याच्या वाटेत पाय पडला की बाद, आणि वरून भांडण वेगळं. भांडणाला कंटाळून दोन्हीकडची पोरं दादाजींकडे न्याय मागायला गेली, तेव्हा त्या भल्या माणसाने पटाचाच न्याय दिला. वाघवाल्यांनी वाघाच्या रिंगवर खेळावं, गवेवाल्यांनी गव्याच्या. मधली रेषा कोणी ओलांडू नये.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. अहो, या खेळात आपली रिंग राखायची असते आणि चेंडू टाकायचा असतो तो समोरच्याच्या रिंगमध्ये! त्यासाठी तर पळायचं, तिकडे जायचं. पण दादाजींचा निवाडा दोन्हीकडच्यांना पटला. रेषा पुसली जाते म्हणून पोरांनी बांबूच्या ताट्या आणल्या. शेताला कुंपण करतात तसल्या, उंच आणि जड. मैदानाच्या बरोबर मधून त्या आडव्या उभ्या केल्या आणि कमच्यांनी, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्यांनी, बांधल्या. दादाजींनी स्वतः उभं राहून बांधून घेतल्या. भांडण मिटलं म्हणून चहा झाला.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला माझी बहीण दिसली नाही. तिच्या फळीवर चेंडू आपटल्याचा आवाज तेवढा यायचा.

पुनमचं घर वाघवाल्यांच्या गल्लीत. तिला तिकडे राहावं लागलं. वसतिगृहातल्या पोरी गवेवाल्यांत धरल्या गेल्या, म्हणून स्वाती माझ्या वाट्याला आली. पुनमने एकदा अलीकडे यायचा प्रयत्न केला, तर आदेशने तिच्या बापाकडे तक्रार नेली. मग स्वाती एकटी खेळू लागली. कुठूनही, कसाही चेंडू माझ्यात टाकायची. तिचा हात इतका बसला की शकुबाईच्या जाळीला कळायचंही नाही चेंडू कधी येऊन गेला. अजय सगळ्यांना मोठ्या कौतुकाने सांगायचा, आपली पोरगी बघा. मी मात्र बघत होते ते तिच्या पायांकडे. पळत यायची, ताटीजवळ पोहोचायची, वळायची. पुन्हा पळायची, पुन्हा वळायची. दोन पावसाळे हेच चाललं. मला ओरडून सांगता आलं असतं तर मी घसा फोडला असता.

अंतिम सामन्यात ज्या पोराने तो शेवटचा चेंडू टाकला आणि ज्याच्यापायी ही सगळी ताटातूट झाली, तो पुढच्याच वर्षी जास्त पगारावर चांदा वाघमध्ये निघून गेला. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. छे! अजयच्या पोरांनी त्याचा फोटो फाडला, आदेशच्या पोरांनी नवा लावला, आणि ताटी जागच्या जागी राहिली.

मग ती बातमी आली. रानगव्यांना बायांच्या चमूसाठी नव्या मुली हव्या होत्या. अठराच्या आतल्या. निवड झाली की राहणं, शिक्षण आणि पगार, सगळं संघाकडून. स्वाती दिवाळीनंतर अठरा पूर्ण करणार होती, म्हणजे संधी ही एवढीच. तिची आई सोमारी गावाहून भेटायला आली होती. माझ्या खांबाला टेकून मायलेकी बोलत बसल्या. सोमारीचं म्हणणं होतं की नाही झालं तर घरी ये, यंदा तुझं लग्न ठरवायचं आहे. स्वाती म्हणाली, होईल. तिच्या आवाजात शंका नव्हती, आणि मलाही नव्हती. तिच्या हाताची मी साक्षीदार होते ना.

निवड गडचिरोलीत झाली. मी तिथे नव्हते. मला कळलं ते ताटीपलीकडून, पुनमच्या तोंडून. तीही हट्टाने गेली होती. चामोर्शीच्या पाच पोरींचा एक चमू करून त्यांना पूर्ण मैदानावर खेळायला उतरवलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा स्वाती आणि पुनम एका बाजूने खेळत होत्या. स्वातीने आपल्या रिंगखाली चेंडू झेलला आणि पळाली. पुनम कडेने पुढे गेली, अगदी मोकळी. तिने हात वर केला. आणि मधल्या रेषेशी येऊन स्वाती थांबली. थांबली आणि वळली. चेंडू घेऊन मागे आपल्याच रिंगकडे. बघणाऱ्यांना वाटलं काहीतरी युक्ती आहे. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा ती रेषेशी अडखळून पडली, तेव्हा लोक हसले.

निवड करणाऱ्या बाईंनी तिला जवळ बोलावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्यासारखा हात इथे कोणाचा नाही. पण तुला अर्धंच मैदान येतं."

दुसऱ्या दिवशी चामोर्शीत काय झालं असेल? गवेवाले म्हणाले, पुनमने मुद्दाम घोळ घातला, वाघवाल्यांची ना ती! वाघवाले म्हणाले, तुमच्या रिंगवर शिकलं की असंच होणार. नाचता येईना अंगण वाकडं. अंगणाच्या मधोमध ताटी उभी आहे, ती कोणाला दिसेना. या भांडणाला वैतागून पुनमच्या बापाने तिचं खेळणं बंद केलं आणि तिला मूलला मावशीकडे पाठवून दिलं.

त्या संध्याकाळी स्वाती आली. हातात चेंडू नव्हता, विळा होता. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. सरळ ताटीजवळ गेली आणि कमच्या कापू लागली. दादाजी बाकावर बसले होते, ते लगबगीने उठून आले.

"काऊन तोडून राह्यली वं पोरी?"

स्वातीने विळा थांबवला नाही. म्हणाली, "दादाजी, तिथी गडचिरोलीले ताटी नव्हती. मोकळं होतं सारं. तरी माहे पाय थांबले. मले वाटलं, का पुढचं मैदान आपलं नाई."

दादाजींनी कापून पडलेली एक कमची उचलली. मग हळू आवाजात म्हणाले, "मीच बांधाले लावली वं बाई. आता सोडा म्हणतो, तं माहं कोणी आयकत नाई." त्यांनी ताटीला हात घातला, पण त्या म्हाताऱ्या कमरेने ती काय उचलणार? खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही रडू येत होतं, आणि रागही. निवाडा द्यायला यांचा एक शब्द पुरला, मोडायला मात्र सगळं आयुष्य कमी पडतं आहे.

स्वातीने त्या दिवशी एकटीने ओढून ओढून एक ताटी आडवी पाडली. तेवढ्या फटीतून मला माझी बहीण दिसली. पिवळा रंग उडालेला, जाळी लोंबते आहे, एक बोल्ट निघून पडलेला. मी काही फार वेगळी दिसत नसणार. सकाळी दोन्हीकडच्या पोरांनी मिळून ती ताटी परत उभी केली आणि पक्की बांधली. इतक्या दिवसांत आदेश आणि अजय एका कामाला लागलेले मी तेवढेच पाहिले.

स्वातीचं लग्न अजून ठरलेलं नाही. तिने बापाला सांगितलं की एवढं एक काम उरकू दे. सुकलूला काही कळलं नाही, पण त्याने होकार दिला. ती वसतिगृहातल्या लहान पोरींना संध्याकाळी मैदानावर आणते. आधी कमच्या सोडते, मग ताटी ओढायला लागते. पोरी लहान आहेत, त्यांच्याने ती हलत नाही. अंधार पडेपर्यंत एखादी ताटी आडवी होते आणि तेवढ्या वाटेने दोन-तीन पोरी इकडून तिकडे पळून येतात. सकाळी वाट पुन्हा बंद.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यावी लागते. आमची निगा राखा, आम्हाला तेल लावा, रंग द्या, असं मी म्हणू शकले असते. रंग तर मुळीच नको. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कोणी मंगळवारच्या बाजाराला चामोर्शीला आलं, आणि मागच्या मैदानावर एक उंच मुलगी एका ताटीशी झटताना दिसली, तर ती कोणाच्या बाजूची आहे हे विचारत बसू नका. पिशवी खाली ठेवा आणि ताटीचं दुसरं टोक धरा. ती एकटीला उचलवत नाही.