गड्डे चुकवून मोजलेला रस्ता

इंझोरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं मले बाजूले घेतलं. "मावशी, त्यांचा मणका तडकला आहे. नस अजून शाबूत आहे, पाय वाचतील. पण वाशीमपर्यंत गाडीचा हिसका बसता कामा नये."

माझा नवरा, भिवाजी, घरावर चढला होता फुटकं टिन बदलाले. मी किती म्हनलं, आवो, राहू द्या. पन ऐकन तो आमचा मानूस कायचा! पडला ना खाली!

अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर जानराव परगावचा. त्यानं इचारलं, "कोन्या रस्त्यानं घेऊ? मोठ्या रस्त्यानं लय फेरा पडते म्हनतात."

"मधल्यानं घ्या," माझा पोरगा प्रसेनजित म्हने. "एकदम चांगला आहे. मागच्या मयन्यात मीच मोजला."

तो रस्ते मोजाच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्या गाडीच्या चाकाले यंत्र असते. चाक जितकं उसळन, तितका रस्ता खराब. हा मधला रस्ता त्यायच्या नकाशात हिरवा आला होता, अन् हिरवा म्हनजे चांगला. पोराच्या शब्दावर आमी निंघालो.

मी भिवाजीच्या पायापाशी बसली, उजव्या पायाचा अंगठा हातात धरून. तो हलते तोवर नस शाबूत. गाव सुटलं अन् असा दनका बसला, माय व माय!

"अंगठा हलवा!" मी ओरडली.

हलला. पुढं आनखी एक दनका. "हलवा!" पुन्हा हलला. पन मधात जो येळ जाये, तेवढ्यात मी मरून मरून जित्ती होऊन राह्यली होती. जानराव हळूच चालवत होता बिचारा, पन त्याले रस्ता काय ठाऊक?

तेवढ्यात प्रसेनजित ओरडला, "भाऊ, त्या जांभळीपाशी डावीकडं दाबा! मंग शाळेजवळ एकदम उजवीकडं!"

गड्डा अजून दिसलाही नव्हता. मी त्याच्याकडं पायलं.

"काहून रे, तुले सारे गड्डे तोंडपाठ? मंग रस्ता हिरवा आला कसा?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. "आई, गड्डा दिसला का हात आपोआप वळते. माह्या गाडीत सायबाच्या चहाचा थेंब सांडत नाई. मोजतानी बी चुकवतच गेलो. चाक गड्ड्यात गेलंच नाई, तर यंत्र काय सांगन?"

"मोठा आला होशियार! बापाचे पाय चालले तुह्या होशियारीपायी!" मी लय भडकली, अन् लगेच रडू फुटलं. "जाय, समोर बस. वाट दाखव."

नाल्यापाशी गाडी थांबलीच. नाल्यावरचा रपटा, म्हनजे ठेंगना पूल, पुरा उखडला होता, इकडून तिकडं नुसते दगड.

"अन् इथून कसा गेला होता तू?"

"बाजूच्या वावरातून," तो खाली पाहून म्हने.

आता वावरात चिखल. माघारी फिरावं तर तेच गड्डे पुन्हा. शेजारच्या वावरात आमच्या ओळखीची रामीबाई बाया घेऊन निंदत होती. मी हाक मारली, तशा साऱ्या इळे टाकून धावल्या. बाया, जानराव, प्रसेनजित, साऱ्यायनं मिळून स्ट्रेचर उचललं अन् पायीच नाला पार कराले लागलो. मी अंगठा सोडला नाई. मधात प्रसेनजितचा पाय घसरला अन् स्ट्रेचर कललं.

"अंगठा हलवा!"

हलला नाई.

"आवो, हलवा ना!"

काहीच नाई. प्रसेनजित "बाबा, बाबा" करत रडाले लागला, पन त्यानं स्ट्रेचर सोडलं नाई.

"अवं," भिवाजी कण्हत बोलला, "किती घट्ट आवळलं तू. हलवू कसा?"

मी मूठ सोडली. अंगठा हलला.

रिकामी गाडी दगडावर आदळत पार आली, मंग आमी वाशीमले पोचलो. ऑपरेशन झालं. आता काठी धरून चालते आमचा मानूस, अन् टिनाकडं पाहू देत नाई मी त्याले.

प्रसेनजितनं सायबाले खरं सांगून टाकलं. सायेब लय तापला, पन रस्ता पुन्हा मोजाले निंघाला. मी म्हनलं, मी बी येतो. सायेब चहाचा गिलास घेऊन समोर बसला, मी मागं.

जांभळीपाशी गड्डा दिसला, अन् प्रसेनजितचा हात वळला. खरंच आपोआप वळला. माझ्या काळजात तोच धस्का बसला.

"अंगठा हलवा!" मी मागून किंचाळली.

त्यानं गाडी मागं घेतली, दात आवळले, अन् चाक सरळ गड्ड्यात घातलं. चहा सायबाच्या शर्टावर सांडला.

"सांडू द्या," मी म्हनलं. "चल रे, पुढचा घे."