दोन खिळ्यांमधला मासा

मित्रांनो, नागपूरच्या मनीषनगरातल्या एका घरात दारामागे मी उभी असते. पाहुण्यांना मी लवकर ओळखू येत नाही. कोणी मला पडदा सरकवायची काठी समजतं, कोणी कुत्रं हाकलायची. मी गरीची जुनी काठी आहे. गरी म्हणजे मासे धरायचा गळ. आमच्याकडे त्याला गरीच म्हणतात, आणि ती घेऊन तासन्‌तास काठावर बसणाऱ्या माणसाला रिकामटेकडा म्हणतात.

माझा जन्म बांबूच्या बेटातला. उमरेडच्या एका बुरुडाने मला सावलीत वाळवलं, मग निखाऱ्यांवर धरून माझं सगळं वाकडेपण काढलं. शिक्षणाचा हा प्रकार मला अजूनही पटलेला नाही, पण उपयोग झाला हे मान्य करते. त्याने माझे दोन तुकडे करून मधे पितळी नळी बसवली, तेल चोळलं आणि बाजारात उभी केली. तिथून मला वामनरावांनी उचललं.

वामनराव तेव्हा सरकारी कचेरीत कारकून होते. आठवडाभर ते साहेबाचं ऐकत आणि रविवारी उमरेड रस्त्यावरच्या चिंचबोडी तलावावर जात, कारण तिथे कोणीच काही बोलत नसे. दोऱ्याला बांधलेली मोराच्या पिसाची दांडी पाण्यावर उभी राहायची. ती बुडाली की वामनराव उठायचे आणि मी वाकायची. वाकणं हेच माझं काम. कचेरीत हेच काम त्यांचं होतं, म्हणून आमचं चांगलं जमलं.

मित्रांनो, ते दिवस भरभराटीचे होते. तलावावर कसलाच नियम नव्हता. ज्याला जेवढं मिळेल तेवढं त्याने न्यावं. लोक पोती घेऊन यायचे. बोटाएवढी पिल्लंसुद्धा पोत्यात जायची. घरी कोणी ती खायचं नाही, पण आणली नाहीत तर रविवार वाया गेल्यासारखा वाटायचा. वामनराव शेजारीपाजारी मासे वाटायचे. माझी स्तुती व्हायची. "काठी नाई, लक्ष्मी हाय गा ही," असं लोक म्हणायचे. आणि वामनराव कोणालाही, विचारलं नसताना, सांगायचे, "आमच्या घरी विकतचा मासा शिजत नाही."

मग मासे मिळेनासे झाले.

काठावर बसणाऱ्यांनी त्यावर पुष्कळ विचार केला. मासे हुशार झाले, असं सर्वांचं मत पडलं. कोणी कणकेच्या गोळीत तिळाची पेंड घातली, कोणी फुटाण्याचं पीठ, एकाने तर सावजी मसाला घातला. पण मासा कितीही हुशार झाला तरी तलावातच राहतो ना! इथे तो राहिलाच नव्हता. तो आमच्या पोत्यांतून केव्हाच नागपूरला गेला होता.

तलाव गावातल्या मच्छीमार संस्थेकडे होता. संस्थेने नियम केला, हौशी माणसाने दिवसाला पाचच मासे न्यायचे. काठावर हाहाकार झाला. पाच म्हणजे काय, हा काय न्याय आहे? गंमत म्हणजे पाच मासे त्यांच्यापैकी कोणाला कित्येक महिन्यांत मिळाले नव्हते. पण न मिळणं वेगळं आणि मिळू न देणं वेगळं.

पुढे पाचाचे दोन झाले. तेव्हा आमच्या लोकांनी आपली सगळी बुद्धी पणाला लावली. माणशी दोन मासे ना? मग माणसं वाढवा. पुढच्या रविवारी तलावावर बायका आल्या, मेहुणे आले, आणि एका गृहस्थांनी तर सासूबाईंना खुर्चीसकट आणून काठावर ठेवलं. वामनरावांनी आपल्या बायकोला, रुखमाबाईंना आणलं.

या रुखमाबाईंची मी फार ऋणी आहे. तोपर्यंत वामनरावांनी एक काळी, चकचकीत विलायती काठी घेतली होती आणि मी घरात कोळ्याची जाळी काढायच्या कामावर होते. कोळी गरीला लागत नाही आणि काठीची कदरही करत नाही. रुखमाबाईंचा हिस्सा धरायचा तर त्यांच्या हातात काहीतरी दिसायला हवं, म्हणून मला पुसून बाहेर काढलं गेलं. म्हणजे ज्या नियमाला सगळे शिव्या देत होते, त्या नियमानेच मला परत पाणी दाखवलं.

संस्थेतर्फे काठावर माया नावाची मुलगी फिरायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

"काकू, काठी नुसती धरून नका बसू. गरी पाण्यात टाका. नाई तं काका चार मासे नेतीन आन् मी पाहत राहीन," ती म्हणाली.

"टाकतो वं बाई," रुखमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी टाकली.

ती त्यांची पहिली वेळ होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी वामनरावांपेक्षा जास्त मासे काढले. परतताना वामनरावांनी स्कूटर जरा जोरातच हाणली. पण पुढच्या रविवारी रुखमाबाईंनी स्वतःच लवकर डबा भरला.

यानंतर एक फळी आली. मायाने लाकडाच्या फळीवर एक खिळा ठोकला होता. माशाचं तोंड फळीच्या टोकाला लावायचं. शेपूट खिळ्यापर्यंत पोचलं नाही तर मासा लहान, परत सोडायचा. हे लोकांनी कुरकुरत मान्य केलं. पण काही दिवसांनी मायाने त्याच फळीवर पुढे दुसरा खिळा ठोकला. त्याच्या पलीकडे शेपूट गेलं, तर तो मासाही सोडायचा. मोठे मासे पिल्लं वाढवतात म्हणून.

वामनरावांना हा अपमान वाटला.

"लहान सोडा, समजलं. मोठा बी सोडा? म्हणजे आता मासे बी आमी मध्यमवर्गीयच खाचे का?"

"तुमाले सवय हाय ना काका," माया म्हणाली.

पुष्कळ लोक तेव्हा तलाव सोडून गेले. दोन माशांसाठी पेट्रोल कोण जाळेल, असं ते म्हणाले. जाताना पोती घेऊन गेले. राहिलेले हळूहळू बदलले. घरी न्यायला मासा नाही म्हटल्यावर सुटलेल्या माशाच्या गोष्टी वाढल्या. संस्थेने माशांना मर्यादा घातली होती, थापांना नव्हती. पूर्वी थैली उघडून दाखवावी लागे. आता "नियम होता, सोडला" म्हटलं की झालं. वामनरावांनी असे इतके मोठे मासे सोडले, की ते सगळे एकदम आले असते तर तलाव काठावरून वाहिला असता.

आणि मित्रांनो, खरोखरच मासे परत येऊ लागले. आधी लहान लहान रोहू दिसले. मग शिंगाड्याच्या वेलांखाली मरळी हलू लागल्या. मरळ हा लांबट, सापासारख्या तोंडाचा, मोठ्या चवीचा मासा. आमच्याकडे ती पाहुण्यांना वाढली, की त्यापुढे बोलायचं काही राहत नाही.

या गोष्टीत आता पाहुणे येतात. वामनरावांची मुलगी वैभवी हिची सोयरीक सावनेरच्या घरी ठरली. होणारे व्याही चंपतराव शेतकरी गृहस्थ होते. ते पहिल्यांदाच जेवायला येणार होते. वामनरावांनी फोनवर सांगून टाकलं, "माझ्या हातची मरळ खाऊ घालतो तुमाले. विकतचा मासा आमच्या घरात येतच नाही."

फोन ठेवल्यावर रुखमाबाई म्हणाल्या, "मासोळीले सांगून ठेवलं का तुमी?"

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी नुकतीच उठली होती. चंपतराव रात्री जेवायला यायचे होते, म्हणून आम्ही उजाडताच तलावावर पोचलो. मुलीच्या सासरी आपला शब्द खरा होतो की नाही, एवढंच वामनरावांच्या डोक्यात होतं. त्यांनी त्या दिवशी कोणाशी गप्पासुद्धा मारल्या नाहीत. त्यांच्या विलायती काठीला दुपारपर्यंत काहीच लागलं नाही. आजूबाजूचे चार अनुभवी लोकही नुसतेच पाण्याकडे पाहत होते.

ऊन कलल्यावर माझी पिसाची दांडी अशी गेली, जणू कोणी खालून हिसकली. मी पितळी नळीपर्यंत वाकले. इतकं वजन मी कित्येक वर्षांत पेललं नव्हतं. मला वाटलं, मी आज मोडणार. रुखमाबाईंनी ओढाओढ केली नाही. मासा पळाला की दोरा द्यायच्या, थकला की घ्यायच्या.

"आस्ते वं, आस्ते! सोडू नको! मले दे!" वामनराव ओरडले.

"तुमी बाजूले व्हा," रुखमाबाई म्हणाल्या.

हातजाळीत आली ती मरळ. काळी, तकतकीत, जाडजूड. वामनरावांनी तिला ओल्या फडक्यात धरून फळीवर ठेवलं. शेपूट दुसऱ्या खिळ्याच्या बोटभर पुढे गेलं.

त्यांनी परत मोजलं. तोंड नीट टेकवून मोजलं. फळी सपाट जागी ठेवून मोजलं. मरळ पाण्याबाहेरही थोडा वेळ दम धरते, पण त्या दमात ती आखूड होत नाही.

माया तेव्हा तलावाच्या पलीकडच्या काठाला होती. ठिपक्याएवढी दिसत होती.

"शेपटी जराशी मुडपली तं बसते," वामनराव हळूच म्हणाले.

"मुडपली तं काय बी बसते."

"अवं, व्याही येऊन राहिले. एक डाव. कोण पाहून राहिलं?"

 रुखमाबाईंनी थैलीचं तोंड उघडलं नाही आणि बंदही केलं नाही. वामनरावांनी स्वतःच थैली ओढली. माझी गरी मरळीच्या तोंडातून नुकतीच काढली होती. मी काठावर आडवी पडले होते, टोक पाण्यावर. माझ्या टोकाखाली पाणी हललं. तिथे तांबडी मसूर उकळावी तसे शेकडो बारीक जीव वर येत होते, खाली जात होते, एका जागी घोटाळत होते. मरळीची पिल्लं. त्यांना राखणारं कोणी जवळ नव्हतं. राखणारी फडक्यात होती.

रुखमाबाईंनीही ते पाहिलं.

"अवो, इकडे पाहा. इचे लेकरं दिसतात," त्या म्हणाल्या. "आपल्या पोरीचे सासरे जेवाले येऊन राहिले, आन् तुमी दुसऱ्याची माय उचलून चालले."

वामनरावांनी वाकून पाण्याकडे पाहिलं. मग ते चपला न काढताच गुडघाभर पाण्यात गेले, फडकं पाण्याखाली नेलं आणि उघडलं. मरळ क्षणभर तशीच राहिली. मग गेली, आणि ती तांबडी उकळी तिच्यामागे सरकत वेलांखाली दिसेनाशी झाली.

परतताना वाटेत मासळीबाजार लागतो. तिथे वामनरावांनी स्कूटर हळू केली. किती हळू केली, हे मी सांगणार नाही. मागे बसलेल्या रुखमाबाईंनीही विचारलं नाही. मग स्कूटर पुढे निघाली.

रात्री ताटात पाटवडीचा रस्सा होता, वांग्याची भाजी होती, भाकरी होती. चंपतरावांनी ताटाकडे पाहिलं, मग वामनरावांकडे.

"मरळ?"

वामनरावांनी सगळं सांगितलं. फळी, खिळे, पिल्लं, सगळं. इतकी वर्षं थापा पचल्या, आणि आज खरं सांगताना त्यांच्या कपाळावर घाम आला. चंपतराव मिशीत हसले.

"सुटलेला मासा मोठाच राह्यते, व्याही."

"खरंच होता हो."

"असंन. पण बजारातून आणून माझ्याच हातचा हाय म्हटलं असतं, तं मले काय समजलं असतं?"

"काईच समजलं नसतं," वामनराव म्हणाले.

"मंग काहून नाई आणला?"

वामनरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. स्वयंपाकघरातून रुखमाबाईंचा आवाज आला, "त्यायच्या ध्यानातच नाई आलं."

चंपतराव मोठ्याने हसले. वैभवी हसली. शेवटी वामनरावही हसले. मग चंपतरावांनी पाटवडी आणखी मागितली आणि वाटी पुढे करताना, जरा गंभीरपणे, म्हणाले, "पोरगी बऱ्या घरची हाय म्हणाचं."

 रस्सा तिखट होता, म्हणून वामनरावांनी डोळे पुसले.

हात धुतल्यावर चंपतरावांनी मला दारामागून बाहेर काढलं. माझं टोक बोटाने वाकवून पाहिलं, हळूच सोडलं. "याच काठीनं का?" त्यांनी विचारलं. "मले बी एक डाव नेजा."

मित्रांनो, मी काही फार मागत नाही. कोणाकडे माझ्यासारखी काठी असेल, तर पाण्यावरून आल्यावर तिला पुसा आणि उभी ठेवा. आडवी टाकली की आम्ही वाकड्या होतो. तलावावर गेलात तर लहानांना वाढू द्या आणि मोठ्यांना त्यांच्या पिल्लांपाशी राहू द्या. मधले मासे पुष्कळ चवदार असतात. नियम बदलला की आधी राग येतो. येऊ द्या, पण गरी गुंडाळून घरी बसू नका. मी तर त्या दोन खिळ्यांची आणि मायाची जन्मभर आभारी आहे. ते नसते, तर तलाव रिकामा असता आणि मी जाळीच काढत बसले असते.

येत्या रविवारी चंपतराव सावनेरहून येणार आहेत. मला त्यांच्या हातात द्यायचं ठरलं आहे. त्यांनी आयुष्यात कधी गरी टाकलेली नाही. सुरुवात करायला असाच माणूस बरा; मासे अजून थोडेच आहेत.