ओडालीची बडबड

ओडालीच्या तोंडाला कुलूप म्हणून नाही, हे दलदलीच्या अख्ख्या काठाला ठाऊक होतं. लहानपणी तिचा भाऊ आल्सीद तिला होडीत घ्यायलाच तयार नसायचा. हिच्या आवाजाने मासे पळतात म्हणायचा. आणि आज, सत्तरी उलटल्यावर, त्याने आपणहून बोलावलं होतं. "ताई, चल, दलदलीतून एक फेरी मारून येऊ."

धक्क्यावर त्याची मुलगी वर्ना हाताची घडी घालून उभी होती. "बाबा, आज परत कुठे आदळलात तर होडी विकून टाकीन. आत्या, तू लक्ष ठेव गं."

होडी सायप्रसच्या झाडांच्या सावलीत शिरली. पाण्यावर बारीक हिरव्या पानांचा थर इतका दाट, की कुरणावरून चालल्यासारखं वाटावं. वरून शेवाळाच्या दाढ्या लोंबत होत्या. आल्सीद वल्हं अगदी हलकं मारत होता. ओडालीच्या डोळ्यांवर पेंग आली, पण तोंड चालूच. "ओंडक्यावर कासवं बघ रे, सात आहेत! डावीकडे मगर, नुसते डोळे वर. अन् समोर मुळांचे गुडघे पाण्याबाहेर आलेत." होडी अलगद उजवीकडे वळली.

मग गुलाबी बगळ्यांचा थवा उठला. झाडांमधलं सगळं आभाळ गुलाबी झालं, आणि ओडाली जन्मात पहिल्यांदा गप्प बसली. किती वेळ, देव जाणे. होडीचं नाक खोडावर आपटलं तेव्हा ती भानावर आली.

"अरे, बैलगाडीएवढं झाड दिसलं नाही तुला?"

आल्सीदने वल्हं मांडीवर घेतलं. "ईस्टरपासून सगळं धुरकट आहे, ताई. तू बोलतेस तेव्हा दिसतं."

तिला रडूही आलं आणि रागही. "म्हणून बोलावलंस होय, लबाडा! मला वाटलं, माया आली."

"ती पण आली," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर तिने घसा बसेपर्यंत एकेक झाड सांगितलं.

धक्क्यावर वर्नाने होडीच्या नाकावरचा ताजा ओरखडा बोटाने चाचपला. "आत्या, खरं सांग. बाबांना दिसतं का?"

ओडालीने भावाकडे पाहिलं. आल्सीद मान खाली घालून उभा होता.

"नाही दिसत," ती म्हणाली. "पण होडी विकू नकोस. उद्या सातला मी येते. रोज येईन."

वर्नाने होडीचा दोर खुंटाला बांधला. मग म्हणाली, "थर्मासमध्ये कॉफी भरून ठेवते दोघांची."

"रोज?" आल्सीद कुरकुरला. "एक मासा राहणार नाही." पण वल्हं त्याने उद्यासाठी होडीतच ठेवलं.