अर्जाआधीचे नऊ दिवस

समोर मोठ्या फोन कंपनीचे चौघे, इकडे आम्ही दोघे: मी आणि माझा दादा. सकाळपासून घोडं एकाच आकड्यावर अडलं होतं. त्यांच्या प्रत्येक फोनमागे आम्हाला रॉयल्टी किती? रेंज नसली की फोन सिग्नल शोधत बसतो आणि बॅटरी खातो. ते थांबवायची युक्ती दादाची, पेटंटही त्याचंच. आज सह्या झाल्या नाहीत तर आमच्या अकरा माणसांच्या कंपनीला कुलूप लागणार होतं.

दुपारी त्यांची वकीलबाई एकदम गोड बोलायला लागली. 

"अर्ज करण्याआधी हे कुणाला दाखवलं होतं का हो?"

अर्जाआधी शोध चारचौघांत दाखवला की पेटंट टिकत नाही. दादाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तेव्हा तो रोज विचारायचा, "अर्ज दिलास का गं?" कागदपत्रांचं खातं माझं. एक आकृती पुन्हा काढायची राहिली होती, आणि कटकट नको म्हणून मी म्हणून टाकलं, "दिला रे बाबा!" खरा दिला तो बऱ्याच दिवसांनी. मधल्या काळात तो कॉलेजात याच युक्तीवर व्याख्यान देऊन आला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून सहा वर्षं मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

मी टेबलाखाली दादाचा पाय दाबला. पण समोरचा टकलू इंजिनियर ओळखीचं हसला आणि दादाची कळी खुलली.

"अरे, तुम्ही! व्याख्यानाला पहिल्या रांगेत होतात ना? तुमच्या प्रश्नांनी घाम काढला होता माझा!"

टकलूने जुनी वही उघडून वकीलबाईकडे सरकवली.

"व्याख्यान बारा तारखेला," ती म्हणाली. "अर्ज एकवीसला."

"छे हो!" दादा हसला. "अर्ज आधीच गेला होता. त्याशिवाय मी तोंड उघडलं असतं होय? हिला विचारा."

तिने पेटंटची प्रत त्याच्यापुढे ठेवली. हेच पान त्याने घरी फ्रेम करून लावलंय, पण त्यावरची तारीख कधी वाचली नव्हती. आता बोट ठेवून वाचली. पुन्हा वाचली. मला वाटलं, चिडेल, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"माझाच घोळ झाला," तो त्या चौघांना म्हणाला. "हिचा काही संबंध नाही."

आम्ही उठलो. कागदांची बॅग नेहमी माझ्याकडे असते. मी हात पुढे केला, पण ती त्याने स्वतःच्या खांद्याला अडकवली होती.