तीन नंबरचं दार

लढाई सुरू झाली आणि वेड्यांच्या सरकारी इस्पितळातली शहाणी माणसं एकेक करून निघून गेली. तरुण डॉक्टर आघाडीवर गेले, सुतार फौजेत गेला. स्वयंपाकी कुठे गेला हे कुणी विचारलंही नाही, कारण त्याच्या हातचं जेवलेल्या कुणाला त्याचं दुःख नव्हतं. चारशे रुग्णांमागे कामाला उरले अकराजण. त्यांतला एक किल्लीदादा. तीस वर्षं दारं उघडायची आणि लावायची एवढंच त्याचं काम, पण थाट असा की इमारत जणू त्याच्या किल्ल्यांवरच उभी आहे.

तीन नंबरच्या खोलीत सव्वीस बायका होत्या. त्यांतली एक त्याची सख्खी धाकटी बहीण, एकोणीस वर्षांपासून तिथेच. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे. संध्याकाळी त्या खोलीला कुलूप लावताना किल्लीदादा खाली बघायचा.

अशात मोठ्या डॉक्टर म्हणून एक बाई आल्या. अंगानं काडी, पण जिभेला धार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दिवसा कुलपं लावणं बंद केलं.

"बाई, पळून जातील हो सगळे!" किल्लीदादा म्हणाला.

"कुठे पळतील? बाहेर लढाई चाललीय. शहाणा माणूस उलट आत यायला बघेल."

पुढे सुतार नाही म्हणून बाईंनी तीन नंबरमध्येच दुरुस्तीचं टेबल मांडलं. हातोड्या, पकडी, खिळे. किल्लीदादा रोज संध्याकाळी हातोड्या दोनदा मोजायचा. पण महिन्याभरात सगळ्या मोडक्या खाटा उभ्या राहिल्या. नाव विचारलं की भिंतीकडे तोंड फिरवणारी एक बाई करवत अशी सरळ चालवू लागली की त्यानं तोंडात बोटच घातलं. त्याची बहीण बिजागऱ्यांच्या मागे लागली. कुठलंही दार कुरकुरलं की हिला चैन पडायची नाही. बिजागरीतली खिळी ठोकून वर काढायची, पुसून तेल घालायची, परत बसवायची. एकोणीस वर्षं आपण हिची नुसती हजेरी घेत आलो, हे त्याला तेव्हा उमगलं आणि मनापासून लाज वाटली.

विमानं येऊ लागली तसा बाईंनी भोंग्याचा सराव सुरू केला. भोंगा झाला की दारं सताड उघडायची, जोडीजोडीनं हात धरून सगळ्यांनी तळघरात जायचं. सराव चारदा झाला, चारही वेळा किल्लीदादानं दार नीट उघडं धरलं.

पाचव्यांदा भोंगा झाला तो सकाळी अकराला आणि खराखुरा. किल्लीदादा तेव्हा तीन नंबरच्या दाराशीच उभा होता. तीस वर्षं या इमारतीत धोक्याची घंटा झाली की पहिलं काम एकच असायचं: कुलूप. त्याच्या हातानं तेच केलं. दार ओढलं, किल्ली फिरवली, आणि तो पुरुषांच्या खोल्यांकडे धावला. तिथल्या म्हाताऱ्यांना आधार देत तो तळघरात उतरला तेव्हा आपण भलं काम केलं असंच त्याला वाटत होतं.

बाई दिव्याखाली उभ्या राहून विचारत होत्या. "एक नंबर? दोन नंबर?" उत्तरं येत होती. "तीन नंबर?"



किल्लीदादाचा हात खिशाकडे गेला. किल्ल्या खिशात होत्या. तेवढ्यात वर कुठेतरी प्रचंड धमाका झाला, दिवा विझला आणि छतातून माती गळू लागली.

"बाई, मी कुलूप लावलं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "माझी बहीण आत आहे. सगळ्याच आत आहेत."

"मग इथे काय करताय? जा!"

तो जिने चढत धावला. वरच्या बोळात धुळीनं काही दिसत नव्हतं. पुढून पावलं ऐकू आली, पळापळीची नव्हेत, एका ठेक्यातली. आणि धुळीतून एक दार त्याच्याकडे चालत आलं.

आडवं दार, आठ बायकांच्या खांद्यांवर. कुलपाची जीभ अजून तशीच बाहेर. बिजागऱ्यांच्या खिळ्या आतून काढून त्यांनी अख्खं दार चौकटीतून उतरवलं होतं, आणि त्यावर खोलीतली एक उठता न येणारी म्हातारी आजी निजवली होती. मागे बाकीच्या जोडीजोडीनं, हात धरून, अगदी सरावात शिकवल्यासारख्या. पुढे बहीण.

किल्लीदादा जागच्या जागी थिजला. इतकं मोठं काही त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"दादा, बाजूला हो, जड आहे," ती म्हणाली.

तो झटकन भिंतीला चिकटला. मग भानावर येऊन त्यानं मागच्या कोपऱ्याला खांदा दिला.

तळघरात दार जमिनीवर टेकलं. बाईंनी मोजलं, सव्वीस भरल्या. किल्लीदादा त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "कुलूप मी लावलं," तो म्हणाला. "मीच."

"माहीत आहे," बहीण म्हणाली. "तुझ्या किल्लीचा आवाज आम्ही ओळखत नाही होय?"

"मग शिव्या तरी द्या गं मला."

दारावरची आजी कण्हत कुशीवर वळली. "शिव्या कशाला? तू लावलंस म्हणून दार निघालं. नाहीतर या पोरींनी मला हातापायांना धरून फरफटत आणलं असतं."

आधी कुणीतरी फिसकन हसली. मग सव्वीसच्या सव्वीस हसल्या, बाईसुद्धा. वर विमानं घोंगावत होती. किल्लीदादाला मात्र हसू येईना, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बहिणीनं आजीचे पाय जरा उचलून आपल्या मांडीवर घेतले. दारावर एका माणसापुरती जागा झाली.

"बस," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत तिच्या शेजारी तो एकदाही बसला नव्हता. तो बसला.